शिखराखाली एकही पाकीट नाही

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रंगाच्या कारखान्यात मी कागदपत्रांच्या विभागात काम करते. विभागात मी एकटीच आहे. त्याआधी अकरा वर्षे पालघरच्या एका दैनिकात उपसंपादक होते. ती आवृत्ती बंद झाली तेव्हा कारखान्याने मला घेतले. मुलाखतीत गुणवत्ता विभागाच्या साहेबांनी एकच प्रश्न विचारला होता, "वेळेत लिहून देता का?" मी हो म्हटले. काय लिहून द्यायचे ते त्यांनी सांगितले नाही, मीही विचारले नाही.

कारखाना कापड रंगवण्याची भुकटी बनवतो. ती शंभर ग्रॅमच्या पाकिटांत हाताने भरली जाते. भरणाऱ्या दोघी आहेत. एक नंबरच्या काट्यावर मूळची जव्हारकडची, सरावलीत भाड्याच्या खोलीत राहणारी तिशीतली बाई. तिला सगळे ताई म्हणतात. दोन नंबरच्या काट्यावर केळव्याच्या बाजूची, मच्छीमारांच्या घरातली, पन्नाशी ओलांडलेली बाई. ती सगळ्यांची मावशी, साहेबांचीसुद्धा. दोघी समोरासमोर बसतात आणि दिवसभर एकमेकींना टोमणे मारतात. वाद झाला की दोघींचे काम वेगाने होते, हे साहेबांच्या लक्षात आले आहे. त्यामुळे त्यांच्या जागा बदलण्याचा प्रस्ताव त्यांनी दोनदा फेटाळला.

मावशी नऊ वर्षे ठेकेदाराकडून कामावर होती. तिला कायम करण्याचा कागद तयार होऊन साहेबांच्या ड्रॉवरमध्ये पडला होता. सही तेवढी बाकी होती. मावशी रोज सकाळी एकदा आणि जेवणानंतर एकदा माझ्या टेबलापाशी येऊन विचारायची, "बाय, माझा कागद आला का?" कागद माझ्याकडून जाणार नव्हता. पण कारखान्यातले सगळे कागद माझ्याकडे असतात अशी तिची समजूत होती, आणि ती फारशी चुकीची नव्हती.

मग तक्रार आली. दक्षिणेत साड्या रंगवणारा एक मोठा ग्राहक पूर्वी आमची भुकटी स्वतःच्या काट्यावर तोलून घेत असे. गेल्या दिवाळीपासून त्याने तोलणे सोडले. एका खोक्यातली पाकिटे फोडून थेट टाकीत ओतायची, दहा पाकिटे म्हणजे एक किलो, असा नवा हिशेब सुरू झाला. तेव्हापासून एकाच रंगाच्या साड्या दोन रंगांच्या निघू लागल्या. काही खोक्यांचा रंग जरा गडद येत होता. ग्राहकाने दोनशे पाकिटांच्या वजनांचा वितरणाचा वक्र मागितला आणि शुक्रवारी आपला अधिकारी पाहणीला येईल असे कळवले.

साहेबांनी मावशीचा कागद ड्रॉवरमधून काढला, पाहिला आणि परत आत ठेवला. "पाहणी नीट पार पडली की सही करतो," ते म्हणाले. मावशी तिथेच उभी होती. ती म्हणाली, "पाहनी तुमची, सही माझी." साहेब म्हणाले, "तसंच समजा."

मग ते माझ्याकडे वळले.

"मॅडम, बेल कर्व काढायचाय. घंटेसारखा येतो तो."

मी सांगितले की मी तो कधी काढलेला नाही.

"तुम्ही पेपरात होता ना? निवडणुकीला ते रंगीत तक्ते कोण काढायचं?"

"मुंबईचं ऑफिस."

"पण तुम्ही बघितले होते ना?"

"बघितले होते."

"मग झालं," साहेब म्हणाले आणि गेले.

तो सोमवार होता.

दोनशे वजने रजिस्टरमधून संगणकावर उतरवायला सकाळ गेली. रजिस्टरमध्ये तीन रकाने होते: वेळ, काटा नंबर, वजन. मागितली होती वजने, म्हणून मी फक्त वजनांचा रकाना उतरवला. इंटरनेटवर सापडलेल्या कृतीप्रमाणे स्प्रेडशीटला सरासरी काढायला सांगितली. ती एकशे एक पूर्णांक पाच ग्रॅम आली. आकडे सरासरीपासून किती पसरले आहेत, तेही काढले. प्रत्येक वजनासमोर वक्राचे सूत्र टाकले, मग बिंदू जोडणारी गुळगुळीत रेघ निवडली आणि तक्ता उमटला.

पडद्यावर घंटा नव्हती. डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे शेकडो रेघा धावत होत्या, एकमेकींना छेदत होत्या, आणि कडेला गेल्यावर गिरकी घेऊन परत येत होत्या.

साहेबांनी बराच वेळ पाहिले. "हे काय आहे?"

"वक्र."

"मॅडम, हा वक्र नाही. हा अपघात आहे."

जेवणानंतर मावशी नेहमीच्या प्रश्नासाठी आली. पण पडद्याकडे बघून प्रश्न विसरली.

"बाय, ह्या जाल्याचा गुंता कोनी केला?"

"मावशी, ही तुमच्या पाकिटांची वजनं आहेत."

"माझ्या? माझी पाकिटां सरल असतात. ही समोरवालीची असतील."

समोरवाली तोपर्यंत तिच्या मागे येऊन उभी होती. "मावशे, माझं नाव कशाला घेते? गुंता कोनाच्या घरात असतो? जालं तुमच्यात असतं."

मावशीने तिच्याकडे लक्ष दिले नाही. पडद्याला बोट न लावता तिने हवेतच एक रेघ धरून पाहिली. "मधूनशी ओढू नको. मधून ओढला का आनखी आवलतं. एक टोक धर नि तिथून सुरू कर."

तिने हे जाळ्याबद्दल सांगितले होते. पण टोक म्हणजे सगळ्यांत लहान वजन, असे धरून मी रकाना लहानापासून मोठ्यापर्यंत क्रमाने लावला, आणि गुंता त्या क्षणी सुटला. स्प्रेडशीट बिंदू जसे दिले तसे जोडते. मी ते रजिस्टरच्या क्रमाने दिले होते, म्हणून रेघ एका वजनावरून दुसऱ्यावर उड्या मारत होती. घटना घडल्या त्या क्रमाने बातमी लिहू नये, हे मला पालघरच्या कचेरीत पहिल्या आठवड्यात सांगितले गेले होते. ते येथे लागू पडेल असे वाटले नव्हते.

तरीही घंटा आली नाही. आता रेघ डावीकडे खाली सुरू होत होती, चढत जात होती, आणि वर पोचल्यावर सपाट होत होती, पुलाचा चढ असतो तशी.

"अर्धीच आहे," साहेब म्हणाले. "उरलेली अर्धी कुठे गेली?"

उरलेली अर्धी सूत्राच्या शेवटच्या शब्दात होती. तिथे मी 'ट्रू' लिहिले होते. 'ट्रू' लिहिले की स्प्रेडशीट प्रत्येक पायरीवर आधीचे सगळे मिळवत जाते, म्हणून रेघ उतरतच नाही. घंटा हवी असेल तर 'फॉल्स' लिहावे लागते. मंगळवारी सकाळी साडेअकराला मी 'फॉल्स' लिहिले आणि पडद्यावर एक देखणी, दोन्ही बाजूंना सारखी, मधोमध उंच घंटा उभी राहिली.

साहेबांनी ती रंगीत छापून घेतली. प्लॅस्टिकमध्ये बंद करून घेतली. गेटजवळ, आगीच्या वेळी काय करावे या सूचनेशेजारी ती लावण्यात आली. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते स्वतः समजावून सांगू लागले. शिखरावर बोट ठेवून ते सुरक्षारक्षकाला म्हणाले, "ये देखो, ज़्यादातर पाकिट यहाँ पे है. बराबर बीच में."

रक्षकाने नीट पाहिले. "और हम किधर हैं, साहब?"

मावशीनेही येऊन पाहिले. तिला शिखर आवडले नाही. "एवढा टोक कशाला काढला? वारा लागंल," ती म्हणाली. मग म्हणाली, "आता सही करतील?"

मी म्हटले, शुक्रवारी.

चूक बुधवारी सकाळी उघडकीस आली, तीही अपघाताने. छापील प्रतीत अक्षरे लहान होती म्हणून मी तक्ता पुन्हा काढायला घेतला आणि निवडताना शेजारचा रकाना निवडला गेला. त्या रकान्यात कारखान्यातल्या टेलिफोनचे अंतर्गत क्रमांक होते. घंटा उमटली. तितकीच देखणी, दोन्ही बाजूंना सारखी.

मी काही वेळ तिच्याकडे पाहत बसले. मग रिकाम्या पानावर आमच्या फाट्यावरून जाणाऱ्या बसच्या वेळा टाकल्या. घंटा उमटली. तिचे शिखर दुपारी सव्वाबाराच्या आसपास होते. त्या वेळेला फाट्यावरून एकही बस जात नाही. हे मी तीन वर्षे पाहते आहे.

मग सूत्र नीट वाचले. ते दोनच गोष्टी विचारते: सरासरी किती आणि पसारा किती. एवढे कळले की ते स्वतःच घंटा काढते. आकडे खरोखर कुठे कुठे आहेत, हे ते विचारत नाही. बातमीदारीच्या भाषेत सांगायचे तर साहेबांनी गेटवर लावलेली बातमी घटनास्थळी न जाता लिहिलेली होती, आणि लिहिणारी मी होते.

घटनास्थळी जायचे म्हणजे पाकिटे मोजायची. मी अर्ध्या-अर्ध्या ग्रॅमचे कप्पे पाडले, प्रत्येक कप्प्यात किती पाकिटे पडतात ते मोजले आणि तेवढ्या उंचीचे खांब घंटेखाली उभे केले. दुपार झाली होती. खांब उभे राहिल्यावर दिसले ते असे: डावीकडे, शंभर ग्रॅमच्या आसपास, एक पसरट टेकडी. उजवीकडे, बरोबर एकशे तीनवर, एकच सरळसोट उंच खांब, तारापूर रस्त्यावरून दिसणाऱ्या कारखान्यांच्या चिमण्यांसारखा. टेकडी आणि चिमणी यांच्या मध्ये मोकळे मैदान. घंटेचे शिखर त्या मैदानावर उभे होते. त्याच्याखाली एकही पाकीट नव्हते.

मी रजिस्टर परत उघडले आणि आधी सोडून दिलेला मधला रकाना पाहिला. टेकडी एक नंबरच्या काट्याची होती. चिमणी दोन नंबरची.

साहेबांना दाखवले. त्यांनी आधी दार लावले.

"एकशे तीन, एकशे तीन, एकशे तीन," ते रजिस्टरवरून बोट फिरवत म्हणाले. "शंभरच्या शंभर पाकिटं. फार तर एकशे दोन पूर्णांक नऊ, नाहीतर एकशे तीन पूर्णांक एक. मॅडम, माणसाच्या हाताने असं येत नाही. ही बाई न तोलता लिहिते."

ही शंका गंभीर होती. कारखान्यात न तोलता आकडा लिहिणे याला फसवणुकीशिवाय दुसरे नाव नाही आणि कामावरून काढण्याशिवाय दुसरी शिक्षाही नाही. रजिस्टरवर चालणारी मर्यादा नव्याण्णव ते एकशे पाच अशी छापलेली होती. ती पूर्वी कधीतरी कोणीतरी ठरवली होती, आणि त्या दोन आकड्यांच्या मध्ये काहीही लिहिले तरी नऊ वर्षांत कोणी दुसऱ्यांदा पाहिले नव्हते. साहेबांनी ड्रॉवरकडे पाहिले. कागद त्यातच होता.

"आज संध्याकाळपर्यंत बघा काय ते," ते म्हणाले.

मी दोन नंबरच्या काट्याजवळ स्टूल घेऊन बसले. मावशीला सांगितले की पेपरवाल्यांसारखे बघायला बसले आहे. ती म्हणाली, "बस. फुकट हाय."

ती तोलत होती. प्रत्येक पाकीट तोलत होती. पाकीट काट्यावर ठेवायची, चमच्याने भुकटी घालायची, आणि काट्यावर शंभर पूर्णांक शून्य दिसले की चमचा बाजूला ठेवायची. मग हातमोज्यातल्या तीन बोटांनी डब्यातून एक चिमूट उचलून पाकिटात टाकायची. काटा एकशे तीनवर थांबायचा. ती एकशे तीन लिहायची आणि पाकीट बंद करायची. मी चाळीस पाकिटे पाहिली. चिमूट चाळीस वेळा पडली, आणि चाळीस वेळा ती तीन ग्रॅमची होती.

"मावशी, शंभर झाल्यावर ही चिमूट कशाला?"

तिने माझ्याकडे असे पाहिले, जणू मी काहीतरी अशोभनीय विचारले आहे.

"मंग? बरोबर काट्यावर देयाचा? गिर्‍हाईकाला काय वाटंल?"

मावशीने पंधराव्या वर्षापासून बाजारात सुकी मासळी विकली आहे. अजूनही रविवारी बसते. तिच्याकडे जवळा मापाने असो की काट्याने, माप पुरे झाल्यावर वर थोडे टाकायचे असते. त्याला ती नुसते 'वरचा' म्हणते. वरचा दिला नाही तर ते देणे पुरे झाले असे ती मानत नाही. कारखान्यात तिला शंभर ग्रॅम भर असे सांगितले होते. ते ती भरत होती. वरचा द्यायचा असतो हे सांगायची गरज असते, असे तिला वाटले नव्हते.

"गिर्‍हाईक तिकडं दक्षिनेत हाय मावशे," समोरून ताई म्हणाली. "तुझी चिमूट त्याला दिसत पन नाय. मी सांगून सांगून थकले."

"त्याला नाय दिसली तरी मला दिसते."

मी तिला सांगितले: ग्राहक आता तोलत नाही, दहा पाकिटे सरळ टाकीत ओततो. तिच्या खोक्यातल्या दहा पाकिटांत तीस ग्रॅम भुकटी जास्त जाते. त्यामुळे साडी गडद येते. तक्रार त्याचीच आहे आणि अधिकारी त्यासाठीच येतो आहे.

मावशीचा हात थांबला.

"म्हंजे माझ्यामुलं?" मावशी म्हणाली. मग म्हणाली, "मंग माझा कागद?"

मी स्टूल उचलले आणि साहेबांकडे गेले.

साहेबांना मी सगळे सांगितले. ती तोलते, खरे तेच लिहिते, फक्त वर तीन ग्रॅम देते. पहिला भाग ऐकून त्यांना हायसे वाटले, दुसरा ऐकून ते खुर्चीत मागे टेकले. "अधिकाऱ्याला हे कोण सांगणार? वरचा! तो म्हणेल या बाईला आधी काढा." मग त्यांनी योजना आखली. खांब काढून टाकायचे. घंटा तेवढी दाखवायची. शुक्रवारी मावशीला लेबले चिकटवायला बसवायचे, दोन नंबरचा काटा झाकून ठेवायचा आणि दुरुस्तीला आहे असे सांगायचे. पाहणी संपली की मावशीला चिमूट बंद करायला लावायचे.

मी खांब असलेले पान लपवले. ही नोंद येथे करणे भाग आहे.

गुरुवारी मावशी कागदाबद्दल विचारायला आली नाही. सकाळीही नाही आणि जेवणानंतरही नाही. नऊ वर्षांतली ती पहिली वेळ असावी. माझ्या तीन वर्षांतली तर नक्कीच.

शुक्रवारी अधिकारी आले. लहान चणीचे, साठीकडे झुकलेले, खिशात पेन नाही, पेन्सिल. साहेबांनी त्यांना गेटवरच घंटा दाखवली. त्यांनी चष्मा वर करून ती पाहिली.

"बहुत सुंदर है," ते म्हणाले. "ये फॉर्म्युला का फोटो है. माल का फोटो किधर है?"

साहेबांनी चहा मागवला. अधिकाऱ्यांनी रजिस्टर मागवले. दोन्ही एकाच वेळी टेबलावर आले. त्यांनी वहीच्या पाठीमागे कप्पे आखले आणि रजिस्टरमधला एकेक आकडा वाचत पेन्सिलीने उभ्या रेघा मारायला सुरुवात केली, चार उभ्या, एक आडवी. माझी या कामात एक दुपार गेली होती. त्यांचे चहा निवेपर्यंत झाले. वहीवर टेकडी आली. मग चिमणी आली, आणि कप्प्यात मावेना म्हणून पानाच्या कडेपर्यंत गेली.

"ये ठीक है," टेकडीवर पेन्सिल ठेवून ते म्हणाले. पेन्सिल चिमणीवर गेली. "ये क्या है? एक सौ तीन, एक सौ तीन. ये तो बैठे-बैठे लिखा है. आदमी के हाथ से ऐसा नहीं आता."

साहेबांचे बुधवारचे वाक्य शब्दशः तेच होते. आता ते छताकडे पाहत होते. 'हो, बाईने न तोलता लिहिले' एवढे म्हटले असते तर विषय तिथे संपला असता, मावशीसकट. साहेबांनी ते म्हटले नाही. पण दुसरेही काही म्हटले नाही.

"आता है," मी म्हटले. "मैंने देखा है."

अकरा वर्षांत हे वाक्य लिहायची वेळ माझ्यावर आली नव्हती. उपसंपादक जागेवर जात नाही.

"तो मैं भी देखूँगा," अधिकारी म्हणाले आणि उठले.

मावशी कोपऱ्यात लेबले चिकटवत बसली होती. दोन नंबरचा काटा पोत्याने झाकलेला होता. साहेबांनी स्वतः पोते काढले. दुरुस्तीचा विषय कोणी काढला नाही.

"मावशी," साहेब म्हणाले, "दहा पाकिटं भरून दाखवा. रोजच्यासारखी." मग त्यांच्या लक्षात आले की त्यांना नेमके रोजच्यासारखी नको होती. पण तोपर्यंत मावशीने हातमोजे चढवले होते.

"मावशे, आज तरी वरचा नको देऊ गं," ताई हळूच म्हणाली.

"तू तुझ्या काट्यावर बघ."

तिने पाकीट ठेवले. चमच्याने भुकटी घालू लागली. पन्नास. ऐंशी. नव्वद. सत्त्याण्णव पूर्णांक शून्यवर तिने चमचा बाजूला ठेवला.

साहेब खाकरले. "मावशी, अजून."

मावशीने त्यांना हाताने थांबायची खूण केली. मग तीन बोटे डब्यात घातली, चिमूट उचलली, पाकिटात टाकली. काटा थोडा हलला आणि थांबला. शंभर पूर्णांक शून्य.

दुसरे पाकीट. सत्त्याण्णव, चमचा बाजूला, चिमूट, शंभर. तिसरे. चौथे. दहा पाकिटांपैकी आठ बरोबर शंभर पूर्णांक शून्य भरली, एक दशांशाने कमी, एक दशांशाने जास्त. अधिकाऱ्यांनी दहाही पाकिटे उचलून एक नंबरच्या काट्यावर नेली आणि स्वतः पुन्हा तोलली. तेच आकडे आले.

"ये बीच में क्यों रुकती है?" त्यांनी विचारले.

मावशीने उत्तर मला दिले. "बाय बोलली तीन गिराम जास्ती जातं, साडी कालवंडते. मी काल दिसभर विचार केला. वरचा तं मी सोडनार नाय. मंग भरतानाच तीन कमी भरायचा."

मी ते हिंदीत सांगितले. आधी वरचा म्हणजे काय ते सांगावे लागले, त्याला तीन वाक्ये लागली. अधिकारी मावशीकडे पाहत राहिले.

"मतलब ऊपर का दिया भी, और वज़न भी बराबर."

"हां," मी म्हटले.

"अजून काय पायजे?" मावशी म्हणाली. हे मी भाषांतरित केले नाही.

मग अधिकाऱ्यांनी ताईला दहा पाकिटे भरायला सांगितली. ती नव्याण्णव पूर्णांक चारपासून एकशे एकच्या थोडे पुढेपर्यंत कुठेही भरली. सगळी मर्यादेत होती. ते वहीत लिहीत असताना ताई माझ्या कानाशी म्हणाली, "मॅडम, मी काय केलं? मी तर जल्मात कोनाला एक चिमूट जास्त दिली नाय."

"तेच दिसतंय," मावशी म्हणाली.

जाताना अधिकाऱ्यांनी दोन ओळी लिहून दिल्या. यापुढे त्यांच्या मालाची पाकिटे दोन नंबरच्या काट्यावर भरावीत. एक नंबरच्या काट्याने दोन नंबरकडून शिकून घ्यावे. वर्षानुवर्षे हाच हात तीन ग्रॅम पुढे नेम धरत होता, एवढीच चूक होती, असे ते साहेबांना गाडीत बसता बसता म्हणाले. साहेब म्हणाले, "जी, हमने नोट किया था." खांबांचे पान त्याच संध्याकाळी पुन्हा उघड करायला मला सांगण्यात आले.

दुपारी साडेतीनला साहेबांनी ड्रॉवर उघडला आणि मावशीच्या देखत सही केली. मावशीने कागद माझ्या हातात दिला. "वाच, बाय. सगला वाच."

मी वाचला. हुद्दा, रुजू झाल्याची तारीख, कामाचे तास, गणवेश दोन, बुटांचा जोड एक, वर्षाच्या भरपगारी रजा एकवीस. मावशीने शेवटपर्यंत ऐकले. मग ती साहेबांकडे वळली.

"आनि वर?"

"वर म्हणजे?" साहेबांनी विचारले. दारात उभी असलेली ताई तोंडावर हात ठेवून बाहेर गेली.

"कागदात हाय ता हाय साहेब. नव वर्सां झाली. वरचा काय?"

साहेबांनी टेबलावर पाहिले. तिथे गेटवरून काढून आणलेली, प्लॅस्टिकमध्ये बंद केलेली घंटा होती. ती त्यांनी उचलून मावशीला दिली. मावशीने उलटसुलट करून पाहिली, वाकवून पाहिली. "भिजत नाय. बाजारात टोपलीवर झाकाया होईल," ती म्हणाली आणि काखेत धरली. पण ती जागची हलली नाही.

साहेबांनी कागद परत मागितला. रजांच्या ओळीत, छापील एकवीसच्या पुढे, पेनाने अधिक एक लिहिले आणि बाजूला लहान सही केली.

"आता झाला," मावशी म्हणाली.

सोमवारी तो कागद नोंदीसाठी माझ्याकडे आला. नोंदवहीत रजांचा एकच रकाना आहे आणि त्यात एकच आकडा लिहायचा असतो. मी बावीस लिहिले नाही. एकवीस लिहिले आणि त्याच चौकटीत, थोडे वरच्या बाजूला, एक.